तबकडीवर न छापलेली नावं



या स्मृतिव्याख्यानासाठी मी रॉक अँड रोल हा विषय सुचवला आणि संयोजकांनी तो आनंदानं मान्य केला, याबद्दल आधी त्यांचे आभार मानतो. विषय वरवर परका वाटेल, पण तो स्मरणाचाच आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या गाण्यांवरून आजही माणसं तावातावानं भांडतात. पहिलं गाणं कुणाचं, कुणी कुणाचं उचललं, खरा राजा कोण. मेंफिसमध्ये भांडतात, लंडनमध्ये भांडतात, तशीच दादरच्या कट्ट्यावर, म्हापशाच्या बाजारात आणि आपल्या वसईतल्या घरांच्या ओटीवरही भांडतात. या भांडणांना रिकामा उद्योग म्हणून मोडीत काढायची आपल्याकडे सवय आहे. मला मात्र असं वाटतं की, गाणं घडवणाऱ्या ज्या माणसांची नावं कंपन्यांनी तबकडीच्या लेबलवर छापली नाहीत, त्यांची नावं आजवर टिकली ती प्रामुख्यानं या भांडणांमुळं. आज मी जे बोलणार आहे ते एवढ्याच एका गोष्टीवर.

सगळ्यात जुन्या वादापासून सुरुवात करू. पहिलं रॉक अँड रोल गाणं कोणतं?

सर्वसाधारण माणूस बिल हेलीचं नाव घेतो. ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे त्याचं गाणं १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालं. सुरुवातीला ते फारसं चाललं नाही. १९५५ साली ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटाच्या सुरुवातीला ते वाजलं आणि जगभर गेलं. एल्व्हिस प्रेस्लीचे चाहते म्हणतात, हेलीचं राहू द्या, जुलै १९५४ मध्ये मेंफिसच्या सन स्टुडिओत जे झालं तीच खरी सुरुवात. त्यावर न्यू ऑर्लीन्सच्या बाजूचा माणूस फॅट्स डॉमिनोची डिसेंबर १९४९ मधली ‘द फॅट मॅन’ ही तबकडी पुढं करतो. आणि चर्चमधलं गाणं जाणणारा कुणी असेल तर तो सिस्टर रोझेटा थार्पचं नाव घेतो. ही बाई प्रार्थनागीतं गायची आणि गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून गायची. तिचं १९४४ सालचं ध्वनिमुद्रण ऐकलं की पुढच्या दहा वर्षांतलं बरंचसं त्यात आधीच सापडतं.

मी स्वतः या वादात मार्च १९५१ पाशी थांबतो. त्या महिन्यात मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल गावाहून काही तरुण कृष्णवर्णीय वादक मोटारीनं मेंफिसला निघाले. त्यांचा म्होरक्या आईक टर्नर, वय वर्षं १९. वाटेत गिटारच्या अँप्लिफायरचा स्पीकर फाटला. तो मोटारीवरून पडला म्हणून फाटला की पावसात भिजून फाटला, यावर चाहत्यांचं आजही एकमत नाही. तिथल्या स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांनी फाटलेल्या शंकूत कागद कोंबला आणि तसंच वाजवायला सांगितलं. त्यामुळं विली किझार्टच्या गिटारचा आवाज खरखरीत, घोगरा उमटला. स्वच्छ आवाजाच्या मागं लागलेल्या त्या काळात हा घोगरेपणा कुणी दुरुस्त केला नाही, हे आपलं भाग्य. पुढची कित्येक दशकं गिटारवादक पैसे मोजून यंत्रांतून तोच आवाज मिळवत आले आहेत.

ते गाणं म्हणजे ‘रॉकेट ८८’. आता त्याचं लेबल पाहा. चेस कंपनीची तबकडी, क्रमांक १४५८. त्यावर छापलं आहे, जॅकी ब्रेनस्टन आणि त्याचे डेल्टा कॅट्स. जॅकी ब्रेनस्टन गायला हे खरं, तो बँडमधला सॅक्सोफोनवादक. पण डेल्टा कॅट्स नावाचा बँडच नव्हता. बँड आईक टर्नरचा होता, नाव किंग्ज ऑफ ऱ्हिदम, आणि पियानोवर स्वतः आईक होता. म्हणजे ज्या तबकडीला अनेक जाणकार पहिला मान देतात, तिच्या लेबलवर बँडचं नावच चुकीचं आहे. विली किझार्टचं नाव तर त्या गोल कागदावर कुठंच नाही. ते आपल्याला ठाऊक आहे, कारण स्पीकर कसा फाटला यावर माणसं वर्षानुवर्षं भांडत राहिली.

अशी उदाहरणं ढीगभर आहेत. चक बेरीचं ‘मेबेलिन’ १९५५ साली आलं तेव्हा लेखक म्हणून त्याच्या जोडीला आणखी दोन नावं होती. त्यातलं एक ॲलन फ्रीड या रेडिओ निवेदकाचं. फ्रीडनं गाण्यातला एक शब्दही लिहिला नव्हता. गाणं रेडिओवर वाजावं म्हणून त्याला हिस्सा दिला गेला, आणि पूर्ण श्रेय परत मिळायला बेरीला सुमारे तीस वर्षं लागली. आर्थर क्रुडप या गायकानं १९४६ साली केलेलं गाणं गाऊन एल्व्हिसनं सुरुवात केली. क्रुडप मात्र हक्काच्या पैशांसाठी झगडत १९७४ साली गेला.

इथं दुसरा वाद येतो आणि तो जास्त जिव्हारी लागणारा आहे. एल्व्हिसनं काळ्या गायकांचं संगीत चोरलं का? ‘हाउंड डॉग’ हे गाणं बिग मामा थॉर्नटननं १९५२ साली ध्वनिमुद्रित केलं आणि १९५३ साली ते गाजलं. एल्व्हिसनं ते १९५६ साली केलं आणि अफाट विकलं. आपल्या वाट्याला त्या गाण्याचे जेमतेम ५०० डॉलर आले, असं बिग मामा सांगत असे. एवढं ऐकून निकाल द्यावासा वाटतो. पण गाणं लिहिलं होतं लायबर आणि स्टोलर या विशीच्या आतल्या दोन गोऱ्या मुलांनी, खास बिग मामासाठी. म्हणजे गोऱ्यांनी काळ्या गायिकेसाठी काळ्यांच्या ढंगात लिहिलं, तिनं त्यात जीव ओतला, आणि मग एका गोऱ्यानं ते पुन्हा उचललं. चोरी हा शब्द इथं पुरत नाही. एल्व्हिसला स्वतःला याची जाण होती. १९६९ साली लास व्हेगासमध्ये पत्रकारांनी त्याला राजा म्हटलं, तेव्हा त्यानं शेजारी असलेल्या फॅट्स डॉमिनोकडं बोट दाखवून खरा राजा हा, असं सांगितलं. मला एल्व्हिस दोषी वाटत नाही. लेबल छापणारे, करार करणारे आणि एकाच गाण्यासाठी काळ्यांना एक भाव नि गोऱ्यांना दुसरा भाव लावणारे, दोष त्यांच्याकडं जातो.

आता १९५१ हे साल तेवढं लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर मुंबईला या. ‘रॉकेट ८८’ ज्या वर्षी आलं, त्याच वर्षी भगवानदादांचा ‘अलबेला’ लागला. भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. संगीत रामचंद्र नरहर चितळकर यांचं, म्हणजे सी. रामचंद्र, ओळखीच्यांचे अण्णा. जन्म १९१८, नगर जिल्ह्यातलं पुणतांबे. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडं रागदारीचं शिक्षण. या माणसानं १९४७ च्या ‘शहनाई’पासून हिंदी सिनेमात पाश्चात्य नृत्यसंगीताचा धडाका लावला होता. ‘अलबेला’त एका गाण्यात झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला एक बँड पडद्यावर दिसतो. ट्रम्पेट वाजवतो तो चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवणारा, लोक ज्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. तो अण्णांचा संगीतसहायक होता.

सहायक या शब्दामागं काय काम होतं, ते सांगायला हवं. संगीतकार पेटीवर चाल बसवून दाखवायचा. ती चाल पाच रेघांच्या स्वरलिपीत उतरवायची, ट्रम्पेटनं काय वाजवायचं, सॅक्सोफोननं कुठं उत्तर द्यायचं, व्हायोलिनच्या ताफ्यानं मागं कोणते स्वर धरायचे, हे प्रत्येक वादकाच्या कागदावर वेगवेगळं लिहायचं, आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सगळ्यांकडून ते बसवून घ्यायचं. हे लिहिणं-वाचणं ज्यांना येत होतं ते बहुतेक गोव्याचे. चर्चशी जोडलेल्या संगीतशाळांत लहानपणीच त्यांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवलं जाई. पोर्तुगीज अमदानीची ती देन, आणि तिचं सोनं केलं या मुलांनी. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशी किती नावं घ्यावीत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ बच्चन मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन ज्या नावानं स्वतःची ओळख करून देतो, ते नाव संगीतकार प्यारेलाल यांच्या या व्हायोलिनगुरूंचं. शिष्यानं गुरूला केलेला तो नमस्कार होता. आपण लग्नावऱ्हाडात त्या गाण्यावर किती नाचलो, पण असा माणूस खरोखर होऊन गेला हे अनेकांना फार उशिरा कळलं.

लेबलवर संगीतकाराचं नाव असे, गीतकाराचं असे. गायकाचं तरी असे का? ‘महल’ चित्रपटातलं लताबाईंचं गाजलेलं गाणं १९४९ साली तबकडीवर आलं तेव्हा गायिका म्हणून छापलं होतं कामिनी, चित्रपटातल्या पात्राचं नाव. जिथं लता मंगेशकरांना नावासाठी झगडावं लागलं, तिथं ड्रमवाल्याची काय कथा.

‘ईना मीना डीका’ घ्या. चित्रपट ‘आशा’, साल १९५७, एकदा किशोरकुमार आणि एकदा आशा भोसले. हिंदी सिनेमातलं पहिलं खरंखुरं रॉक अँड रोल गाणं म्हणून त्याचं नाव घेतात. आणि या गाण्यावरून तीन पक्ष पडलेत. पहिला पक्ष म्हणतो, ही अमेरिकन संगीताची नक्कल. दुसरा पक्ष गोवेकरांचा. तो सांगतो की अण्णांच्या वाद्यवृंदातल्या जॉन गोम्स नावाच्या गोमंतकीय वादकानं या गाण्याच्या जडणघडणीत हातभार लावला, आणि म्हणूनच त्यात चक्क कोकणी शब्द आले. तिसरा पक्ष कट्टर मराठी चाहत्यांचा. त्याला अण्णांच्या वाट्यातला तीळही दुसऱ्याला द्यायचा नसतो. खोलीबाहेर खेळणाऱ्या पोरांच्या मोजणीच्या गाण्यातून अण्णांना मुखडा सुचला, ही गोष्ट या पक्षाची आवडती.

मी या तिन्ही पक्षांचं म्हणणं मनापासून ऐकत आलो आहे आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. नक्कल म्हणणाऱ्यांनी मूळ गाणं दाखवावं. अण्णांनी नक्कल कधी केलीच नाही असं नाही. १९५० च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ एडमंडो रॉसच्या एका लॅटिन अमेरिकन ढंगाच्या गाण्यावरून घेतलेलं आहे, दोन्ही ऐकली की वाद संपतो. ‘ईना मीना डीका’ तसं नाही. त्याचा मुखडा-अंतऱ्याचा बांधा आपल्या सिनेगीताचा आहे. एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे ती झेलतात, ही रीत भजनातल्या टाळकऱ्यांना परकी नाही. पण त्याखालची चाल, म्हणजे ड्रमचा झपाटा, ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे तुकडे, ते सगळं मुंबईतल्या हॉटेलांत रात्रीमागून रात्री वाजवून हात तयार झालेल्या गोव्याच्या माणसांचं आहे. ते अमेरिकन तबकडीवरून एका रात्रीत शिकता येत नाही.

रॉक अँड रोलचा हा ताल नेमका काय आहे, ते हातानं करून पाहता येईल. आपल्याला पहिल्या मात्रेवर जोर द्यायची सवय, कारण सम तिथं असते. चार मोजा, आणि पहिली मात्रा तशीच जाऊ देऊन दुसरीवर आणि चौथीवर टाळी द्या. सुरुवातीला अडखळायला होतं. जमलं की पाय आपोआप हलू लागतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये टाळ्या अशाच पडतात. तिथून हा ताल ड्रमवर आला, आणि बारा मापांच्या ब्लूजच्या चौकटीत, फक्त तीन स्वरमेळांच्या आधारानं, लिटल रिचर्ड आणि चक बेरी यांनी त्यावर आपली दुनिया उभी केली. आपल्याकडं कावस लॉर्डसारख्या तालवादकांनी बोंगोसारखी वाद्यं सिनेसंगीतात रुजवली होती, म्हणून हा ताल आला तेव्हा तो वाजवायला हात सापडले. ओ. पी. नय्यर यांच्या १९५८ च्या ‘हावडा ब्रिज’मध्ये हेलनच्या नाचाखाली हाच ताल वाजत होता.

आणि हे सगळं आपल्या वसईत कसं पोचलं?

रेडिओनं. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीताला जवळजवळ हद्दपार केलं गेलं. अभिजात संगीताचं भलं व्हावं हा हेतू. परिणाम असा की घराघरात रेडिओची सुई सिलोनवर गेली. तिथं हिंदीत अमीन सायानींची गीतमाला होती, तशी इंग्रजीत बिनाका हिट परेड होती. सागरी वाऱ्याबरोबर कमी-जास्त होणाऱ्या त्या लघुलहरींवर एल्व्हिस, पॅट बून, क्लिफ रिचर्ड वसईच्या केळीच्या बागांपर्यंत आले. केसकरांनी ज्या कानांना वाचवायचं ठरवलं होतं, ते कान असे कोलंबोकडं लागले.

दुसरी वाट तबकड्यांची. अमेरिका-इंग्लंडमध्ये ७८ फेऱ्यांच्या जाड तबकड्या पन्नाशीच्या अखेरीस संपत आल्या होत्या. आपल्याकडं डमडमच्या कारखान्यात त्या साठच्या दशकातही निघत होत्या, कारण जिथं वीज नव्हती तिथं चावीचा ग्रामोफोन चालायचा आणि त्याला ७८ चीच तबकडी लागायची. म्हणूनच बीटल्सच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या हिंदुस्थानात छापल्या गेल्या आणि आज जगभरचे संग्राहक त्या शोधत फिरतात. चर्चगेटच्या गाडीनं कामाला जाणारा एखादा काका पगाराच्या दिवशी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये काचेच्या खोलीत उभा राहून गाणं ऐकायचा, एक तबकडी घ्यायचा आणि विरार गाडीच्या गर्दीत ती छातीशी धरून आणायचा. तुमच्यातले कितीतरी जण त्या काकांचे मुलगे-पुतणे आहात.

तिसरी वाट मात्र वसईची स्वतःची होती, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. लग्नातला बँड. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, मोठा ढोल, साइड ड्रम. वाडीतून निघालेल्या वरातीत आधी परंपरेची गीतं, मग सिनेमाची, आणि रात्री मांडवात जाइव्हचा ताल. मुंबईत एका वर्षी ज्या चालीवर लोक नाचत, ती पुढच्या लग्नसराईत आपल्या बँडच्या तोंडी असे. या वादकांनी कानानं उचललं, काहींनी कागदावर उतरवून घेतलं. त्यांच्या नावानं एकही तबकडी निघाली नाही. लेबलच नाही, तर लेबलवर नाव कुठलं?

वसईतले वादही मोठे रंगतदार. मुख्य वाद एल्व्हिस की क्लिफ. क्लिफ रिचर्डच्या पाठीराख्यांच्या हातात एक हुकमाचं पान असायचं: तो जन्मला लखनौला, १४ ऑक्टोबर १९४० रोजी. घरचं आडनाव वेब. १९४८ साली कुटुंब इंग्लंडला गेलं. दहा वर्षांनी ‘मूव्ह इट’ आलं आणि इंग्लंडला आपला रॉक अँड रोल गायक मिळाला. आपल्या देशात जन्मलेला म्हणून त्याला जास्त मार्क, हा युक्तिवाद मला कधी पटला नाही, आणि गायक म्हणून मी एल्व्हिसच्याच बाजूचा. पण क्लिफच्या स्वभावातली सौम्यता आईवडिलांना चालायची, त्याची गाणी घरात मोठ्यानं लावता यायची, आणि त्यामुळं अनेक घरांत या संगीताला पहिला प्रवेश त्यानंच मिळवून दिला, हे मान्य करायला हवं.

चालणं-न चालणं हा प्रश्न वसईतल्या ख्रिस्ती घरांत फार खरा होता. सकाळी मिस्सा, संध्याकाळी घरात रोझरी, आणि मध्येच हे कंबर हलवणारं गाणं. हे सैतानाचं संगीत आहे का, हा प्रश्न इथं विचारला गेला, आणि गंमत म्हणजे तोच प्रश्न गाणाऱ्यांना स्वतःलाही छळत होता. १९५७ साली सन स्टुडिओत ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’चं ध्वनिमुद्रण थांबवून जेरी ली लुईस सॅम फिलिप्सशी तारणावर वाद घालत बसला. आपण सैतानाचं काम करतोय अशी त्याला धास्ती होती. टेप चालू राहिली म्हणून तो वाद आज ऐकायला मिळतो. त्याच वर्षी लिटल रिचर्ड ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर सगळं सोडून देवाच्या मार्गाला लागला, आणि काही वर्षांनी परत गाऊ लागला. एल्व्हिस तर आयुष्यभर प्रार्थनागीतं गायला. ही सगळी मुलं चर्चमध्ये गाणं शिकलेली होती. तालाची जात तीच, शब्द बदलले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढं, लॅटिन गेली, मराठी उपासना आली आणि हळूहळू गिटारही चर्चमध्ये आली, तेव्हा तरुणांच्या हातांनी ती सहज उचलली. त्या हातांना सराव कुठला होता, ते त्यांच्या घरच्यांना माहीत होतं. मला यात काही अपवित्र दिसत नाही. ज्या ताल-सुरांनी एका समाजानं गुलामगिरीच्या काळात देवाचा धावा केला, ते फिरून उपासनेत आले.

आता थोडं आकाशात बघू. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, दूरच्या कुणाला सापडलीच तर पृथ्वी कशी होती हे कळावं म्हणून. त्यात चक बेरीचं ‘जॉनी बी. गुड’ आहे, आणि गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवीही. निवड चालू असताना ॲलन लोमॅक्स या लोकसंगीताच्या मोठ्या अभ्यासकानं आक्षेप घेतला की रॉक हे पोरवयाचं संगीत आहे. निवड करणाऱ्यांचा प्रमुख कार्ल सेगन यानं उत्तर दिलं की या ग्रहावर पोरवयाची माणसं पुष्कळ आहेत. केसरबाई त्याच सप्टेंबरात गेल्या, एल्व्हिस ऑगस्टमध्ये. आपल्या रागदारीच्या मैफलींत रॉकला नाक मुरडणाऱ्यांनी आणि रॉकच्या मैफलींत रागदारीला जांभई देणाऱ्यांनी ही एक तबकडी ध्यानात ठेवावी. केसरबाई आपलं गाणं दुसऱ्यानं चोरू नये म्हणून किती जपत, ते त्यांच्या चाहत्यांना ठाऊक आहे. कुणी कुणाचं उचललं, हा वाद फक्त अमेरिकेतला नाही.

पण ‘जॉनी बी. गुड’मधलं जॉनी हे नाव कुठून आलं? चक बेरीचा पियानोवादक जॉनी जॉन्सन याच्यावरून. मुळात बँड जॉन्सनचा होता, १९५२ च्या अखेरीस त्यानं बेरीला वाजवायला बोलावलं. पुढं नाव बेरीचं झालं. गंमत अशी की जॉनीच्या नावाच्या या गाण्यात पियानोवर जॉनी नाही, लाफायेत लीक आहे, असं नोंदी सांगतात, आणि यावरही चाहते वाद घालतात. बेरीची कित्येक गाणी आपल्या पियानोतून निघाली, असं जॉन्सनला वाटत होतं. २००० साली तो कोर्टात गेला. २००२ साली दावा फेटाळला गेला, कारण फार वर्षं उलटली होती. न्यायाधीशांनी बाजू खरी-खोटी ठरवली नाही, उशीर झाला एवढंच सांगितलं.

इथं मला आपल्या लोकांबद्दल बोलायचं आहे. सिनेसंगीतातल्या या वादकांवर ग्रेगरी बूथ यांनी २००८ साली आणि मुंबईच्या जॅझवर नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली पुस्तकं लिहिली. त्या दोघांनी म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन ऐकलं, म्हणून चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस आज कागदावर आहेत. आपल्या बँडवाल्यांच्या घरी कुणी गेलेलं नाही. त्यांतले अनेक जण गेले, जे आहेत ते ऐंशीच्या पुढं आहेत. ट्रम्पेट भिंतीवर, किंवा भंगारात. वाडीतल्या एखाद्या लग्नात कुणी काय वाजवलं यावर दोन म्हातारे आजही हमरीतुमरीवर येतात, आणि घरातले त्यांना गप्प करतात. त्यांना गप्प करू नका.

संयोजकांशी बोललो आहे. वाचनालयात एक जाड वही ठेवायची त्यांची तयारी आहे. तुमच्या घरातल्या, शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा: बँडचं नाव काय होतं, कोण कोणतं वाद्य वाजवायचा, गाव कुठलं, शिकला कुणाकडं, चर्चच्या शाळेत की मुंबईत, रेडिओवरून की तबकडीवरून. कुठल्या लग्नात कोणतं गाणं पहिल्यांदा वाजलं. कुणाकडं हातानं लिहिलेले स्वरलिपीचे कागद असतील तर त्यांचे फोटो काढून आणा, मूळ कागद घरीच राहू देत. नाव लिहिताना घरचं नाव आणि बँडमधलं नाव दोन्ही लिहा, कारण अनेकांना लोक टोपणनावानंच ओळखत. आणि दोन म्हाताऱ्यांचं जुळलं नाही, एकानं ट्रम्पेट थोरल्या भावाचा म्हटलं आणि दुसऱ्यानं धाकट्याचा, तर निवाडा करत बसू नका. दोघांचंही म्हणणं लिहा, कोण काय म्हणालं तेही लिहा, आणि तारीख घाला.